सत्तेचाळिसावं मिनिट

१

रविवारी सकाळी साडेअकराला भावोजींचा फोन आला. "आवाज गेला," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, घसा धरला असेल. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायला लागले.

"माझा नाही गं. हिचा."

ही म्हणजे माझी थोरली बहीण. ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी हातातलं काम टाकलं आणि निघाले.

एकतीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासले. आग लागली म्हणून रडत येणाऱ्या माणसाचे डोळे नंतर, आधी बूट बघायचे, ही माझी सवय. संशय हा माझा पगारी धंदा होता. निवृत्त झाले तेव्हा पगार थांबला, संशय चालू राहिला. त्यापायी दोन मैत्रिणी तुटल्या, पण ते असो.

भावोजींच्या बाहेरच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत डिस्कचे बॉक्स आहेत, अकराशेच्या वर. सगळे जुने सिनेमे. कुठल्या कुठल्या गोदामांत सडत पडलेली रिळं शोधायची, चौकट न् चौकट साफ करायची आणि मोजक्या प्रती काढायच्या, असा उद्योग करणाऱ्या छोट्या कंपन्या असतात. जाड बॉक्स, आत पुस्तिका, कण्यावर नंबर. मधला एखादा नंबर मिळाला नाही की भावोजींना जेवण जात नाही. घरात आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो. ताई सगळ्यांत जास्त.

एका बॉक्सची थट्टा मात्र कुणी केली नाही. दीपगृहाच्या रखवालदाराचा तो सिनेमा ताईने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला होता. फिल्म संग्रहालयात तिने सव्वीस वर्षं फाटकी रिळं जोडली. डिस्क निघाली तेव्हा कंपनीने कॉमेंट्रीही तिचीच घेतली. पडद्यावर सिनेमा चालू आणि त्यावर तिचं बोलणं.

भावोजींनी रिमोट दाबला. सत्तेचाळिसावं मिनिट. रखवालदार कंदील घेऊन जिना चढत होता. खोलीत चिडीचूप.

"इथे ती बोलायची," ते म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. कॉमेंट्री घेताना इथे जरा विश्रांती होती. ताईला वाटलं, यंत्र बंद आहे. ते चालूच होतं. ती चाळीस सेकंद आपल्या घरच्या सुरात बोलली आणि कापायचं राहून गेलं, तसंच डिस्कवर उतरलं. कंपनीने माफीची चिठ्ठी पाठवली: जुनी डिस्क कापून दोन तुकडे करा, तुकड्यांचा फोटो पाठवा, दुरुस्त डिस्क घरपोच येईल. एका बॉक्सवर दोन डिस्क कुणी उकळू नयेत म्हणून ही पद्धत. जगभरच्या शौकिनांनी कात्र्या चालवल्या. भावोजींनी चालवली नाही. दर रविवारी अकरा वाजता ते हे चाळीस सेकंद ऐकायचे.

"बाकीची कॉमेंट्री आहेच की," मी म्हटलं. "दीड तास बोललीय ती."

"ते बोलणं बाहेरचं. सभेत बोलतात तसलं. हे घरातलं होतं."

"काय म्हणते त्यात?"

"ते राहू दे."

"आणि तुम्ही एक कॉपी काढून ठेवली नाहीत?"

"डिस्क घरात होती," भावोजी म्हणाले. "कुठे जाणार होती?"

हे कुणाला सांगायचं नाही, लेकीलासुद्धा, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मी कबूल केलं खरं, पण मनात पाल चुकचुकली होती. बॉक्स जागेवर होता. डिस्क जागेवर होती. तिच्यावरचं चित्रही तेच होतं. चोरीला गेलं होतं ते फक्त भावोजींना ऐकू येणारं काहीतरी.

२

संध्याकाळी भाची आली आणि मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मावशी, गेल्या महिन्यात बाबांनी गॅस तसाच ठेवला होता. त्याआधी किल्ली दाराला बाहेरून. माझ्याकडे राहायला चला म्हणते तर ऐकत नाहीत. आता म्हणतात, आईचा आवाज गेला. कॉमेंट्री तर छान चालू आहे, मी आत्ताच ऐकली."

मी तिला चाळीस सेकंदांचं काही सांगितलं नाही. शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं.

ती गेल्यावर भावोजींनी कपाटातून एक वही काढली. डिस्कच्या मधल्या भोकाभोवती, अगदी आतल्या कड्यावर, मुंगीएवढा नंबर कोरलेला असतो. अकराशे डिस्कचे अकराशे नंबर त्यांनी वहीत उतरवले होते. असल्या वेडेपणाला मी आयुष्यात पहिल्यांदाच मनातून हात जोडले. वहीतला नंबर एकने संपत होता. मी चष्मा पुसून डिस्क उजेडात धरली. ती दोनने संपत होती.

"दोन म्हणजे दुरुस्त केलेली," भावोजी म्हणाले.

म्हणजे म्हातारा शहाणा होता. कुणीतरी या खोलीत येऊन डिस्क बदलून गेलं होतं. बदलून मिळायची मुदत तर केव्हाच संपली होती, तेव्हा दुरुस्त डिस्क त्या माणसाकडे आधीपासूनच असणार. मी बॉक्स पुन्हा उलटसुलट करून पाहिला. माफीची चिठ्ठी भावोजी बॉक्समध्येच ठेवायचे. तीही नव्हती. आणखी एक होतं. डिस्क उचलली तेव्हा तिच्यावरची अक्षरं अगदी सरळ होती, ओळंब्यात धरल्यासारखी. भावोजींच्या बाकीच्या डिस्क उघडून पाहिल्या, तर अक्षरं वाटेल त्या दिशेला. हे मी लक्षात ठेवलं, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

"गेल्या रविवारी आवाज होता ना? मग आठवड्यात कोण कोण आलं?"

बुधवारी भाची, झाडलोट करायला. गुरुवारी सीलबंद. शनिवारी भिंग. ही दोन नावं ताईने ठेवलेली. दोघेही भावोजींसारखेच डिस्कवेडे. एक विकत घेतलेला बॉक्स कधी उघडत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात दोरीने भिंग लटकत असतं.

"खोलीत एकटं कोण होतं यांच्यापैकी?"

भावोजींनी विचार केला. "तिघंही," ते म्हणाले. "चहा मीच करतो ना आता."

३

दावा तपासताना माझा एक नियम असे. काय हरवलंय ते समोरच्याला सांगायचं नाही. ज्याला आपोआप माहीत असतं, तो सापडतो. सोमवारी मी तोच नियम घेऊन बाहेर पडले.

भाचीला म्हटलं, "बाबांच्या खोलीतून एक वस्तू गेलीय. बुधवारी तू दीड तास तिथे काय करत होतीस?"

"धूळ पुसत होते."

"दीड तासात निम्मी फळीसुद्धा पुसलेली दिसत नाही."

तिचा चेहरा पडला. "नंतर सांगेन मावशी. आत्ता नको." मग म्हणाली, "माझ्यावर संशय घेतेस?"

या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तरी त्या वेळी मी तिच्या बुटांकडे बघत होते, हे मला आज कबूल करायलाच हवं.

सीलबंद बँकेत लॉकरच्या चाव्या सांभाळायचा. त्याच्या खोलीतही चारी भिंतींना बॉक्स, पण एकूण एक प्लास्टिकच्या वेष्टणात. मधे एक खुर्ची. टीव्ही नाही, प्लेयर नाही, काही नाही.

"उघडत का नाही हो तुम्ही?"

"उघडलं की संपलं," तो म्हणाला.

माझी नजर फिरत फिरत ताईच्या सिनेमावर थांबली. त्याने ती बरोबर टिपली.

"तुमच्या भावोजींचा आणि माझा एकाच पार्सलात आला होता. पहिला लॉट. त्यातल्या डिस्क सगळ्यांनी कापून टाकल्या, आता शोधून मिळायची नाही. गुरुवारी मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमची जपा."

"गुरुवारी तुम्ही त्यांच्याकडून काही नेलंत?"

"छे," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. खुर्चीच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. बोलता बोलता त्याने पायानेच ती आत सरकवली आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

४

भिंग छापखान्यात प्रूफं तपासायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्याची मान कायमची पुढे झुकलीय. मला बसवून त्याने आधी माझ्या हातातल्या बिलावरची तारीख चुकल्याचं दाखवून दिलं.

"वहिनींचा सिनेमा माझ्याकडे दोनदा आहे," तो अभिमानाने म्हणाला. "पहिल्या आवृत्तीची डिस्क मी कापून बदलून घेतली. नंतर दुसरी आवृत्तीही घेतली, कारण त्यात पुस्तिकेच्या सतराव्या पानावरचं साल सुधारलंय. वहिनींच्या कामात खोट राहता कामा नये."

ताईबद्दल त्याला फार आदर होता, हे मला माहीत होतं. तिच्या आजारपणात तो रोज वाचनालयातली वर्तमानपत्रं आणून द्यायचा. म्हणून मी जरा नरमाईने विचारलं, "भावोजींच्या खोलीतून एक वस्तू गेलीय. तुम्ही काही नेलं नाहीत ना?"

"मी? मी कसली वस्तू नेणार? उलट..." तो थांबला आणि हसला.

"उलट काय?"

"काही नाही. त्यांचं त्यांना कळेल. रविवारी फोन केला होता मी, आज काय बघितलंत म्हणून. धड बोललेच नाहीत." हसू मावळलं. "तुमच्याकडे काही तक्रार केली का त्यांनी माझी?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

"मग ठीक," तो म्हणाला.

जिना उतरताना मला त्याचं ते "त्यांचं त्यांना कळेल" धमकीसारखं वाटत राहिलं. आता तिघंही माझ्या यादीत सारखेच वर होते, आणि अशा वेळी माझी झोप उडते.

५

मंगळवारी मी सीलबंदच्या दारात पुन्हा उभी राहिले आणि त्याला बोलू न देता ती पिशवी उघडली. आत पुस्तिका होत्या. भावोजींच्या चार बॉक्समधल्या चार पुस्तिका, खुणेचे कागद घातलेल्या.

त्याचा चेहरा उतरला. "माझे बॉक्स उघडायचे नाहीत ना," तो खाली बघत म्हणाला. "वाचावंसं तर वाटतं. मग त्यांच्याकडच्या आणतो आणि पुढच्या खेपेला गुपचूप ठेवतो. मागायची लाज वाटते हो."

म्हणजे हा चोर होता, पण दुसऱ्याच गुन्ह्यातला. मी हात हलवत घरी आले.

बुधवारचा अख्खा दिवस मी एकच गोष्ट घोटत बसले. फायदा कुणाचा? पहिल्या लॉटची डिस्क दुर्मिळ, ती सीलबंदला हवी असेल. पण त्याच्याकडे तीच डिस्क पडून होती, आणि बदल्यात ठेवायला दुरुस्त डिस्क तो कुठून आणणार? भाचीकडेही ती नव्हती. उरला भिंग. त्याने तर असली डिस्क एकदा स्वतःच्या हाताने कापली होती. तिच्यासाठी तो चोरी कशाला करेल?

गुरुवारी सकाळी कप विसळताना मला ती चिठ्ठी आठवली. चोर डिस्क बदलतो, चोरी लक्षात येऊ नये म्हणून. मग चिठ्ठी कशाला नेईल? ती होती तिथे असणंच त्याच्या सोयीचं. चिठ्ठीत लिहिलं होतं की या बॉक्समधल्या डिस्कमध्ये चूक आहे. ती काढून कोण टाकेल? ज्याच्या मते चूक आता उरलेली नाही, तो. मी फायदा शोधत बसले होते आणि यात फायदा कुणाचाच नव्हता. कप तसेच टाकून मी तिघांना फोन केले.

चार वाजता सगळे भावोजींच्या खोलीत जमले. मी आडवळण न घेता सांगितलं. "ताईच्या सिनेमाची डिस्क या खोलीत कुणीतरी बदलली. बदलायला दुरुस्त डिस्क जास्तीची हवी. ती असलेला माणूस एकच, दोन आवृत्त्या घेणारा, म्हणजे ज्याच्याकडे दुरुस्त डिस्क दोन झाल्या. डिस्क ठेवताना त्याने अक्षरं सरळ केली, कारण वाकडं ठेवणं त्याला जमतच नाही. जाताना माफीची चिठ्ठी काढून घेतली, कारण बॉक्स आता निर्दोष झाला होता. आणि मी विचारलं तेव्हा तो 'उलट' म्हणाला, कारण आपण नेलेलं नाही, दिलंय, असं तो मनापासून समजत होता."

भिंग उठून उभा राहिला. त्याचा चेहरा फुलला होता. "ओळखलंत तर! मुदत संपून गेली, यांनी आळसाने बदलून घेतलीच नाही. म्हटलं, आपणच करावं. वहिनींच्या बोलण्यात मधेच ते पाणी मागणं, ते घरगुती बोलणं... लोक हसत असतील. म्हटलं, यांना आपोआप कळू दे."



"जुनी डिस्क कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. आतून डिस्कचे दोन अर्धे तुकडे बाहेर आले.

६

"कापायचीच असते ना," भिंग म्हणाला. आमचे चेहरे बघून त्याचा आवाज बारीक झाला. "पण मी घाई नाही केली हं. नवी नीट चालतेय अशी खात्री झाल्यावरच जुनी कापायची. तुम्ही सोमवारी आलात, म्हणालात काही तक्रार नाही. म्हणून मंगळवारी कापली."

सोमवारी डिस्क त्याच्या टेबलाच्या खणात अख्खी होती. मी सरळ विचारलं असतं, की बाबा रे, ताईच्या सिनेमाची डिस्क तू बदललीस का, तर तो हो म्हणाला असता आणि मी ती पर्समध्ये घालून आणली असती. माझ्या नियमापायी ती गेली. तिथेच, सगळ्यांसमोर, मी तसं बोलून दाखवलं आणि मला रडू आलं.

मग भावोजींनी स्वतःच सांगितलं. रविवार, अकरा वाजता, चाळीस सेकंद. दोन-चार वाक्यांत संपवलं. भाचीने त्यांचा हात धरला. "बाबा, मला का नाही सांगितलंत? मला वाटलं..." गेल्या आठवड्यात बुधवारी ती काय करत होती तेही तेव्हाच कळलं. टेप घेऊन ती फळ्यांची मापं घेत होती. तिच्या घरी सुतार कामाला लागलाय, अकराशे बॉक्स मावतील एवढी भिंत करून देतोय. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

भिंग खाली बसला होता. ते दोन तुकडे तो पुन्हा पुन्हा एकमेकांना लावून बघत होता.

तेवढ्यात सीलबंद उठला आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, याला काय पडलंय. अर्ध्या तासाने दाराची घंटा वाजली. तो धापा टाकत आत आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत ताईचा सिनेमा, वेष्टणासकट.

"एकाच पार्सलात आला होता," तो म्हणाला. "पण आत नक्की कुठली आहे, मी कधी पाहिलेलं नाही."

त्याने बॉक्स मांडीवर घेतला आणि नखाने प्लास्टिक खरवडायला लागला. सुटेना. या माणसाने आयुष्यात एकही उघडला नव्हता. कुठून उघडतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. भिंग पुढे सरकला आणि त्याने बोटाने जोड दाखवला. "इथून. हळू." प्लास्टिक फाटल्याचा आवाज झाला तेव्हा सीलबंदने डोळे मिटून घेतले.

भिंगाने डिस्क कडेने धरली, खिडकीपाशी नेली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ तो बघत होता कोण जाणे.

"एक," तो म्हणाला. "शेवटी एक आहे."

भावोजींनी डिस्क लावली. रिमोटचं बटण त्यांना सापडेना, ते भाचीने दाबून दिलं. रखवालदार कंदील घेऊन जिना चढायला लागला. आणि ताई बोलली.

"झालं का बंद? बरं. पाणी द्या हो जरा... आमच्या घरी एक गृहस्थ आहेत. हजार सिनेमे बघितलेत त्यांनी. पण यात मी जोडलेला तुकडा कुठला, ते अजून ओळखता आलेलं नाही. दर वेळी चुकीचा सांगतात." ती हसली. तेच ते नाकातलं हसणं. "हाच तो. हा जिना चढतोय ना, तो. तीन ठिकाणी फाटला होता. पण मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं की शोधायचे थांबतील, आणि मग माझ्याशेजारी बसून कोण बघेल? हं, चला, घ्या पुढे."

भाची तोंडावर पदर धरून रडत होती. भावोजी पडद्यावरच्या जिन्याकडे बघत होते, जोड कुठे दिसतोय का म्हणून. मीही बघितलं. दिसत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांना सीलबंदची आठवण झाली. "अहो, तुमचा बॉक्स फुटला की."

"हो ना," तो म्हणाला. फाटलेलं प्लास्टिक त्याने घडी करून खिशात ठेवलं होतं. पडद्यावरून त्याची नजर काही हटत नव्हती. मग त्याने जरा संकोचून विचारलं, "हा रखवालदार वर का चाललाय? मी सिनेमा बघितलेला नाही हो."

भावोजींनी डोळे पुसले, त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.